खटाव तालुक्यातील स्थलांतर आणि पड राहणारी जमीन

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वर येथे वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात वर्धनगडचा घाट ओलांडून पूर्वेस खटाव तालुक्यात आले की हे मान सुमारे ५०० मिलिमीटरवर येते. सह्याद्रीच्या आडोशास पडलेल्या या टापूस पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. तालुक्याचे मुख्य ठिकाण वडूज हे येरळा नदीच्या काठी वसलेले आहे. ही नदी पुढे सांगली जिल्ह्यात शिरून ब्रह्मनाळ येथे कृष्णेस मिळते. तथापि वर्षाचा बराच काळ तिचे पात्र कोरडेच असते. मृगावर बाजरी व मटकी पेरावी, हस्ताच्या ओलीवर शाळू करावा, आणि दोन्हींपैकी एक तरी पदरात पडेल अशी आशा धरावी, हा येथील कोरडवाहू शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होय.

अशा प्रदेशातील माणूस पोटासाठी बाहेर पडला तर त्यात नवल नाही. गावे ओस पडत असल्याची खंत सभासंमेलनांतून नेहमी व्यक्त होते, आणि तरुणांना शेतीची लाज वाटते असे तिचे कारण सांगितले जाते. हे निदान सोपे असले तरी अपुरे आहे. ज्या जमिनीवर एका कुटुंबाचे सहा महिनेच भागते, तेथे उरलेले सहा महिने कोणीतरी बाहेर कमावणे हा प्रपंचाचाच एक भाग असतो. म्हणून लोक गेले याचे दुःख करीत बसण्यापेक्षा, ते गेल्यानंतर मागे राहिलेल्या जमिनीचे, पाण्याचे व माणसांचे काय होते, याचा विचार ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस व शेतकऱ्यांस अधिक उपयोगी पडेल.

कोण जातात व कोठे जातात

या भागातून होणारे स्थलांतर एका प्रकारचे नाही. धनगर मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेकडील बागायती पट्ट्यात व घाटाखाली कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. माण, जत व लगतच्या कोरडवाहू भागांतून काही कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जातात. पतीपत्नी मिळून एक कोयता धरला जातो आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. सैन्यात जाण्याची परंपरा तर साताऱ्यास जुनीच आहे. हे लोक परत येतात, किंवा निवृत्तीनंतर तरी येतात. गावाचे रूप खऱ्या अर्थाने बदलले ते मात्र मुंबईने आणि गलाईच्या धंद्याने.

मुंबईच्या कापड गिरण्यांत घाटावरचा माणूस शंभर वर्षांहून अधिक काळ राबला. अनेक गावांची मुंबईत गावकीची खोली असे. तेथे पथारी टाकावी, खाणावळीत जेवावे आणि मनिऑर्डर गावी धाडावी. बायकामुले, म्हातारी माणसे व शेत गावी, आणि रोख पैसा मुंबईत, अशी ती व्यवस्था होती. गोदीत व घाऊक बाजारांत ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांतही सातारा जिल्ह्यातील लोकांचा भरणा मोठा होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा आला आणि या कामगारांस मजुरीची व भविष्यनिर्वाह निधीची काही शाश्वती लाभली. गिरणी कामगारांचे नशीब उलटे फिरले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे २.५ लक्ष कामगार उतरले. संप विस्कटला, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि हजारो कामगार गावी परतले. गावाने त्यांस भाकरी दिली, परंतु काम दिले नाही, कारण देण्यासारखे काम गावाजवळ नव्हते.

गलाईचा धंदा हा विटा, खानापूर, आटपाडी, खटाव व माण या टापूचा विशेष होय. जुने दागिने वितळविणे, तेजाबाच्या साहाय्याने सोन्याचांदीतील हीण वेगळे काढणे, सोनाराच्या दुकानातील केराचीही धुलाई करून त्यातील सोन्याचे कण गोळा करणे, हे त्यातील मुख्य काम. केरळपासून पंजाबपर्यंत बाजारपेठेच्या गावी सराफकट्ट्याजवळ या भागातील मराठी गलाईवाल्याचे दुकान सापडते. प्रथम एक भाऊ जातो, तो भाच्यास नेतो, भाचा मेहुण्यास नेतो; भट्टीपुढे बसून काम शिकलेला मुलगा काही वर्षांत दुसऱ्या शहरात स्वतःची भट्टी मांडतो. तेजाबाच्या धुराने छातीचे विकार जडण्याचा धोका या कामात आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही कोरडवाहू शेतीने जे दिले नाही ते या धंद्याने दिले, आणि गावोगावी दिसणारी दुमजली घरे ही त्याची साक्ष होत. त्यांपैकी अनेक घरांस वर्षातील दहा महिने कुलूप असते.

२०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ होती. मागील दहा वर्षांत ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढली, तर त्याच काळात महाराष्ट्राची वाढ सुमारे १६ टक्के होती. जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे ९८८ स्त्रिया, आणि राज्यात ९२९, असे प्रमाण आढळले. पुरुष बाहेर गेल्याची छाया या आकड्यांत दिसते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत तर त्या दशकात लोकसंख्या प्रत्यक्ष घटली. खटाव अद्याप त्या स्थितीस पोचला नसला, तरी वाड्यावस्त्यांवरील शाळांचे पट पाहिले असता वाट त्याच दिशेची असल्याचे दिसते.

पड जमीन ही एकट्या मालकाची बाब नव्हे

समजा, ८ एकर जमीन व एक विहीर चार भावांच्या नावे आहे. एक मुंबईस, एक सेलमला, एक लुधियान्याला आणि एक गावी. वाटणी तोंडी झालेली असून सातबाऱ्यावर चौघांची नावे एकत्र आहेत. विहिरीतील गाळ काढावयाचा झाल्यास गावातील भावाने एकट्याने खर्च का करावा? केलाच, तर पाण्याची पाळी चौघांची. विजेची मोटर जळाली तर भरून देणारा एक आणि हक्क सांगणारे चार. पीक कर्जासाठी सर्वांच्या संमतीची अडचण येते आणि सह्या गोळा करण्यास दोन राज्ये फिरावी लागतात. परिणामी विहीर गाळाने भरते, गावातील भाऊही दोन एकरांत बाजरी टाकून मजुरीस जातो आणि उरलेल्या सहा एकरांत गवत वाढते. जमीन वाईट नाही, पाणी अगदीच नाही असेही नाही, आणि तरी शेती मोडते. तालुक्यात असे खातेदार प्रत्येक गावी भेटतात.

पड जमीन शेजाऱ्यासही सुखाने नांदू देत नाही. वरच्या अंगाच्या पडीक शेताचा बांध एकदा फुटला की त्यास दुरुस्त करणारा कोणी नसतो. पावसाचे लोट खालच्या शेतातील पोत वाहून नेतात व तेथे ओघळ पडतात. हरळी व कुंदा ही तणे बांधाखालून सरकत येतात. वेडी बाभूळ तर तीनचार वर्षांत रान व्यापते, आणि तिच्या जाळीत रानडुकरांस आयता आसरा मिळतो. मग भोवतालचा भुईमूग, बटाटा, मका यांची नासधूस ठरलेलीच. जवळच्या दोघातिघांनी शेत सोडले की चौथ्यास ते करणे परवडेनासे होते. गाव रिकामे होण्याची क्रिया अशी बांधाबांधाने पुढे सरकते, आणि म्हणूनच या प्रश्नास केवळ एकेका कुटुंबाची खाजगी बाब मानून चालणार नाही.

वाट्याने देण्यास मालक का कचरतो

बाहेरगावचा मालक जमीन पड ठेवतो पण दुसऱ्यास करू देत नाही, याचा गावात राग असतो. त्यामागील भीती मात्र समजून घेतली पाहिजे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, यांनी कसणाऱ्या कुळास जमिनीची मालकी दिली. हा कायदा न्यायाचा होता व त्याने असंख्य कुटुंबे उभी केली. त्याची आठवण मालकाच्या मनात ‘कूळ लागेल’ या दोन शब्दांत शिल्लक आहे. कायद्याप्रमाणे मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती कूळ ठरत नाही. रोख किंवा धान्यरूपाने ठरलेल्या मजुरीवर ठेवलेला नोकर, तसेच मालकाच्या किंवा त्याच्या कुटुंबीयाच्या देखरेखीखाली काम करणारा मजूर, हेही कूळ ठरत नाहीत. पिकाच्या वाट्यावर कसणाऱ्याचे मात्र तसे नाही. विधवा स्त्रिया व सैन्यात असलेल्या व्यक्ती यांच्या जमिनींबाबत वेगळ्या तरतुदी आहेत. हा फरक गावात फार थोड्यांना ठाऊक असतो. परिणामी व्यवहार अर्धेलीने, तोंडी व चोरून होतात.

त्याचा भुर्दंड कसणाऱ्यास बसतो. कर्ज, पीक विमा, दुष्काळाची मदत ही सारी सातबाऱ्यावरील नावाने चालतात. गारपीट झाली तर नुकसान वाटेकऱ्याचे आणि भरपाई मुंबईच्या बँकखात्यात, असे प्रसंग घडतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू होऊन पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करण्याची सोय झाली. परंतु नोंद होते ती खातेदाराच्या नावाने. यास्तव कोणताही करार लिहिण्यापूर्वी तलाठी अथवा वडूज येथील तहसील कार्यालयात विचारणा करावी, करार नोंदणीकृत करावा व मुदत स्पष्ट लिहावी, असा सल्ला कार्यकर्त्यांनी द्यावा. अर्धा कागद घरी लिहून पेटीत ठेवल्याने कोणाचेच संरक्षण होत नाही.

येथेच स्त्रियांचा प्रश्न येतो. पती बाहेर असलेल्या घरी नांगरट ठरविणे, बियाणे आणणे, खुरपणी, मळणी, जनावरे, दूध हे सारे स्त्रीच पाहते. पण सोसायटीच्या दारात ती खातेदार नसते. शासनाच्या १९९२ च्या परिपत्रकान्वये, लक्ष्मी मुक्ती योजनेखाली, पतीने संमती दिल्यास पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. अर्ज साधा आहे. ज्या घरचा कर्ता पुरुष वर्षातून दोनदाच गावी येतो, तेथे या नोंदीइतकी उपयुक्त सुधारणा दुसरी क्वचितच असेल.

बाहेरचा पैसा कोठे मुरतो

स्थलांतरितांकडून गावी येणाऱ्या पैशाचा ओघ लहान नाही. तो घर, लग्न, दवाखाना व मुलांचे शिक्षण यांवर खर्च होतो, आणि त्यास नावे ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. सार्वजनिक वर्गणीचा ओढा मात्र बहुधा मंदिराचा सभामंडप व वेशीची कमान यांकडे असतो. ही केवळ आपल्याकडील गोष्ट नव्हे. मेक्सिको देशातून अमेरिकेत मजुरीस गेलेल्या लोकांच्या गावमंडळांनी जमविलेल्या प्रत्येक रुपयामागे तेथील केंद्र, प्रांत व नगरपालिका यांनी एकेक रुपया घालावा, अशी योजना २००२ पासून त्या देशभर राबविण्यात आली. तिच्यातूनही आरंभी पुष्कळ ठिकाणी चर्चची डागडुजी व चौकांचे सुशोभन झाले. दूर गेलेल्या माणसास गावची खूण डोळ्यांना दिसेल अशी हवी असते. पाझर तलावात मुरलेले पाणी दिसत नाही, हीच अडचण.

तरीही खटाव तालुक्यातच याहून वेगळे घडले आहे. सातारा–पंढरपूर रस्त्यावरील निढळ या गावी १९८३ पासून चंद्रकांत दळवी यांनी गावच्या बाहेरगावी नोकरीस असलेल्या मंडळींस एकत्र आणण्यास आरंभ केला. दळवी हे त्याच गावचे, पुढे भारतीय प्रशासन सेवेत उच्च पदांवर राहिलेले. आधी शाळा हाती घेतली गेली, नंतर जलसंधारण व शेती. बाहेरची मंडळी पैसा व ओळख देणार, गावातील मंडळी जागा व श्रम देणार, आणि शासनाची योजना त्यांस जोडावयाची, ही पद्धत टिकली. शाळा आधी घेतली यात व्यवहारज्ञान होते, कारण शाळेवर कोणाचे दुमत होत नाही.

२०१७ च्या पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत तालुक्यातील भोसरे या गावाने राज्यात संयुक्तपणे दुसरा क्रमांक मिळविला, आणि २०१८ मध्ये शेजारच्या माण तालुक्यातील टाकेवाडी पहिली आली. उन्हाळ्याच्या त्या ४५ दिवसांत मुंबई–पुण्याचे चाकरमानी रजा काढून सलग समतल चर खोदण्यास आले. पैशापेक्षा ही आठ दिवसांची रजा मोलाची, कारण ज्याने चर खोदला तो पुढील पावसाळ्यात तो भरला का, हे दूरध्वनीवरून विचारतो. स्पर्धा संपल्यावर चरांतील गाळ काढण्याचे काम मात्र गावातील हातांवरच येते. ते कोण करणार हे आधी ठरले नाही, तर तीनचार पावसाळ्यांत केलेले काम बुजून जाते.

येरळेच्याच खोऱ्यात खाली, सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, याहून धीट प्रयोग झाला. १९८२ च्या संपात गावी आलेल्या गिरणी कामगारांनी व दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी मिळून मुक्ती संघर्ष चळवळ उभारली. नदीतील वाळूचा ठेकेदारांकडून होणारा बेसुमार उपसा थांबवावा, आणि मर्यादित वाळू गावांनी विकून त्या पैशात धरण बांधावे, ही कल्पना त्यांनी मांडली. भारत पाटणकर यांचे नेतृत्व व अभियंते के. आर. दाते यांचे साहाय्य लाभून बलवडी व तांदुळवाडी या गावांसाठी बळीराजा धरण उभे राहिले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबाप्रमाणे, भूमिहीनांसही, द्यावयाचे, हे त्याचे तत्त्व. शहरातून रिकाम्या हाताने परतलेला माणूस सोबत संघटनेचा अनुभव आणतो, ही गोष्ट यावरून लक्षात यावी. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा एकदा गावे भरली, पडीक शेते काहींनी नांगरली. पण त्या वेळी त्यांस गावात गुंतवून ठेवणारे काम जवळपास कोठेच तयार नव्हते, आणि वाहने सुरू होताच बहुतेक जण गेले.

कालव्याचे पाणी आणि नवा पेच

आता चित्र पालटू लागले आहे. उरमोडीचे पाणी, तसेच जिहे–कठापूर उपसा योजनेद्वारे कृष्णेचे पाणी नेर तलावाच्या मार्गे या भागात आले आहे. ज्या तालुक्याने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, त्या तालुक्यात नदीचे पाणी उपसून यावे ही लहान गोष्ट नव्हे. त्या दुष्काळात, मे १९७३ मध्ये, राज्यात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती, आणि त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा जन्मास आला.

परंतु पाण्याबरोबर ऊसही येतो. बाहेरगावच्या मालकास ऊस सोयीचा, कारण त्यास देखरेख कमी लागते व पट्टीचा पैसा खात्यावर जमा होतो. म्हणजे पड जमिनीच्या प्रश्नावर ऊस हे उत्तर आपोआपच निघते, आणि ते चुकीचे उत्तर आहे. उपशाचे पाणी विजेच्या खर्चाने महाग पडते. थोड्या शेतांतील ऊस ते पिऊन टाकतो आणि टोकाच्या गावास पाळी मिळत नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात ऊस व शेतीसाठीच्या विंधन विहिरी यांवर बंदी घातली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, आणि बाहेर गेलेली कित्येक कुटुंबे परत आली. तेथे पाऊस खटावपेक्षा अधिक नाही. पुसेगावच्या बाजूचा बटाटा, आले, कांदा, डाळिंब, दुधाची जनावरे यांत मजुरी अधिक लागते हे खरे. पण गावात काम निर्माण होते ते त्या मजुरीतूनच.

पाणी न पोचणाऱ्या हलक्या, मुरमाड जमिनीचा विचार वेगळा करावा. राखण करण्यास माणूस नसेल तर सीताफळ लावावे. त्याचा पाला शेळ्यामेंढ्या व गुरे सहसा खात नाहीत, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी देऊन जगविले की झाड पुढे फार मागत नाही. अति उथळ जमिनीत मारवेल व स्टायलो ही चाऱ्याची पिके घ्यावीत. मध्यम व भारी पड जमीन एकदा नांगरून, बंदिस्त वाफे पाडून, पावसाचे पाणी जागीच मुरवावे व मालदांडी ३५-१ शाळूची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतीत करावी. नांगरटीपूर्वी मेंढपाळाशी ठरवून काही रात्री कळप बसविल्यास खताचा प्रश्न सुटतो. पूर्वी हा व्यवहार धान्यावर होत असे, हल्ली रोखीने होतो.

या कामाची सुरुवात यादीपासून करावी. गटवार कोणते शेत किती वर्षे पड आहे, मालक कोठे आहे, विहिरीत हिस्सेदार किती, वरच्या अंगाचा बांध शाबूत आहे की फुटका, इतके चार रकाने पुरेत. ही यादी चावडीत बसून पुरी होणार नाही, शिवारात फिरावे लागेल. मालकांशी बोलण्यास योग्य काळ म्हणजे गावची यात्रा. त्या दोनतीन दिवसांत मुंबई, सेलम, लुधियाना एकाच पारावर बसलेली सापडतात. गाळ काढण्याचा खर्च व पाण्याच्या पाळ्या चौघा भावांच्या समोर तेव्हाच लिहून घ्याव्यात, आणि जमीन कोणी करावयाची हे गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या अवधीत कायम करावे. त्यानंतर ठरलेली नांगरट मृगाच्या पेरणीस सापडत नाही.